शाळेतल्या मावशी, शिपाई, वॉचमन यांना किमान वेतन लागू होतं का? सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर सांगता येईल. आई अकरा वर्षं तालुक्याच्या गावातल्या एका खासगी विनाअनुदानित इंग्लिश मीडियम शाळेत मावशी आहे. सकाळी साडेसहाला जाते, चारला सुटते, केजीच्या मुलांची शी-शू, वर्ग झाडणं, टॉयलेट धुणं, बसपाशी उभं राहून पोरं उतरवून घेणं सगळं करते. हातात सात हजार येतात, मे महिन्याचा पगार मिळत नाही, आणि दोन वर्षांपूर्वी सगळ्या मावशींना एका एजन्सीच्या नावावर टाकलंय. विचारायला गेलात तर संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले की ही शिक्षणसंस्था आहे, ट्रस्ट आहे, कंपनी नाही, इथे किमान वेतन लागत नाही. शिवाय आत्या झेडपीच्या शाळेत खिचडी शिजवते, तिला २,५०० मिळतात, तिचं काय. आणि हे सगळं काढलं तर आईची नोकरी जाईल का.

सेक्रेटरी म्हणतात ते खरं नाही. पण माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. तुम्ही किमान वेतनाबद्दल विचारताय, पण मान्यताप्राप्त शाळेतल्या मावशीचा हक्क बऱ्याचदा किमान वेतनापेक्षा मोठा असतो. सगळं एका गोष्टीवर अडतं की आई कागदावर नेमकी कोणाची नोकर आहे. मी कामगार कायद्याची वकिली करते, वीसेक वर्षं झाली, शाळांमधल्या शिपाई-मावशींची कामं भरपूर पाहिली, आणि जवळपास प्रत्येक जण पगाराच्या आकड्यावर भांडत येतो पण हा मालकाचा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी "शिक्षणसंस्थेला लागू नाही" हे येतं कुठून ते बघा, कारण सेक्रेटरींना हे कुणीतरी वकिलानेच सांगितलेलं असतं आणि त्याला थोडा जुना आधार आहे. १९६३ साली सुप्रीम कोर्टानं दिल्ली विद्यापीठाच्या केसमध्ये म्हटलं होतं की शिक्षण हा उद्योग नाही, आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे की ती केस प्राध्यापकांची नव्हती, विद्यार्थिनींच्या बसवरच्या ड्रायव्हरांची होती. म्हणजे शाळा-कॉलेजातल्या खालच्या कर्मचाऱ्याचा हक्क पहिल्यांदा तिथे गेला. मग १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या सात न्यायमूर्तींच्या निकालानं ते उलटवलं, शिक्षणसंस्थाही उद्योगात आल्या. त्यानंतर १९८८ मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यातून सुंदरांबाळ नावाच्या शिक्षिकेची केस गेली, त्यात कोर्ट म्हणालं की शाळा उद्योग असेल पण शिक्षक हा 'कामगार' नाही, कारण शिकवणं हे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम नव्हे. आणि तोच विचार पुढे नेऊन १९९६ मध्ये हरियाणाच्या विनामान्यता शाळांच्या संघटनेच्या केसमध्ये कोर्टानं सांगितलं की शिक्षकांना किमान वेतन कायदा लागू होत नाही, सरकार त्यांच्यासाठी दर ठरवू शकत नाही.

आता हा शेवटचा निकाल नीट वाचायचा. हरियाणा सरकारची अधिसूचना रद्द झाली ती फक्त शिक्षकांपुरती. शिपाई, क्लार्क, ड्रायव्हर, सफाईवाल्या बाया यांना कोर्टानं बाहेर काढलेलं नाही. पण संस्थाचालकांच्या मीटिंगांमध्ये तो निकाल "शाळेला किमान वेतन लागू नाही" असा फिरत राहिला आणि शिक्षकांबद्दलची गोष्ट मावशींच्या माथी मारली गेली. मला याचा खरंच राग येतो, कारण ज्या कारणासाठी शिक्षक बाहेर गेले, म्हणजे त्यांचं काम अंगमेहनतीचं नाही, त्याच कारणानं तर तुमची आई आत येते.

दुसरा आधार होता अनुसूचीचा. १९४८ चा किमान वेतन कायदा सगळ्या नोकऱ्यांना आपोआप लागू व्हायचा नाही, सरकारनं ज्या ज्या कामधंद्यांची यादी केली त्यांनाच व्हायचा, आणि शाळा म्हणायच्या की आम्ही यादीत कुठे आहोत दाखवा. यावर वर्षानुवर्षं तारखा पडायच्या. तो दरवाजा आता बंद झालाय. वेतन संहिता २०१९ केंद्र सरकारनं २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली आणि त्यात यादीची भानगडच नाही, कुठलाही मालक कुठल्याही कर्मचाऱ्याला सरकारनं ठरवलेल्या किमान दरापेक्षा कमी देऊ शकत नाही, मग तो ट्रस्ट असो, सोसायटी असो की कंपनी. 'कर्मचारी' या व्याख्येत अकुशल, अर्धकुशल, कुशल, अंगमेहनतीचं, कारकुनी, देखरेखीचं असं सगळं काम आहे. मावशी, शिपाई, माळी, लॅब अटेंडंट, क्लार्क, बसवरची ताई, कोणीच बाहेर राहत नाही. शिक्षकांचं काय याच्यावर मात्र वाद होणार, कारण शिकवण्याचं काम व्याख्येत नावानं लिहिलेलं नाही. पण तो तुमचा प्रश्न नाही.

"आमची फी कमी आहे, परवडत नाही" हेही ऐकायला मिळेल. परवडणं हा बचाव नाही. सुप्रीम कोर्टानं १९५०-६० च्या दशकातच सांगून ठेवलंय की किमान वेतन देण्याची ऐपत नसेल तर तो धंदा चालवायचा हक्क नाही. आणि १९८२ मध्ये, दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती त्या कामगारांच्या केसमध्ये, कोर्ट त्याहून पुढे गेलं, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी. नाइलाजानं, भुकेपोटी माणूस कमी पैशाला हो म्हणतो ती जबरदस्तीच आहे असं त्यात स्पष्ट आहे. त्यामुळे "तुमच्या आईनं स्वतः सही केली होती" याला काही अर्थ उरत नाही. कमी पगारावर केलेला करार जुन्या कायद्यातही निरर्थक होता, नव्यातही आहे.

आता मुख्य मुद्दा. तुमची शाळा मान्यताप्राप्त आहे का? पहिली ते दहावी एसएससी बोर्डाची असेल तर नक्की असणार. मग तिला महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ लागू होतो, ज्याला सगळे एमईपीएस म्हणतात, आणि त्याची १९८१ ची नियमावली. हा कायदा अनुदान मिळो न मिळो, सगळ्या खासगी शाळांना लागू आहे असं कलम ३ मध्येच लिहिलंय. त्यात 'कर्मचारी' म्हणजे शिक्षक आणि शिक्षकेतर दोन्ही. नियम ७ आणि त्याच्यासोबतची अनुसूची 'क' शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत वेतनश्रेणी ठरवते. म्हणजे विनाअनुदानित शाळेत रीतसर पदावर असलेल्या शिपायाला वेतनश्रेणीचा पगार मागता येतो, आणि तो किमान वेतनापेक्षा कितीतरी जास्त असतो. कलम ४(३) म्हणतं की नियमापेक्षा कमी पगार दिला जात असेल तर शिक्षण संचालकांनी संस्थेला लेखी सांगून तो पातळीवर आणायचा. प्रत्यक्षात हे शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज, तिथे काही हललं नाही तर हायकोर्टात रिट, अशा वाटेनं जातं. थकबाकी अशा वेळी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणून "रिटायर झाल्यावर बघू" असं करू नका.

पण हे आईला मिळेलच असं मी म्हणणार नाही. तीन अडथळे येतात. एक, नेमणूक पत्र नाही, मग संस्था म्हणते ती कर्मचारीच नाही, रोजंदारीवर होती. शिक्षणाधिकाऱ्याची मान्यता नाही हे कारणही पुढे करतात, पण मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं सांगून झालंय की मान्यतेचा अभाव म्हणजे नेमणूकच बेकायदा असं होत नाही. दोन, आई केजीला नेमलेली दाखवतील आणि पूर्वप्राथमिक या कायद्यात बसत नाही असा वाद घालतील. म्हणून आई पहिली ते दहावीच्या वर्गांचं, ऑफिसचं, बोर्डाच्या परीक्षेच्या काळातलं काम करते याचं जे काही असेल, फोटो, ग्रुपवरचे मेसेज, ड्युटी लिस्ट, ते जपा. तीन, एजन्सी. हा सगळ्यात मोठा.

हे एजन्सीवर टाकणं आजकाल सगळीकडे चाललंय. माणसं तीच, झाडू तोच, हुकूम देणारी हेडबाईंची माणसं तीच, फक्त पगाराच्या पाकिटावर दुसरं नाव. बऱ्याच ठिकाणी तर त्या दिवशी मावशींकडून एका छापील कागदावर सही घेतात, तो असतो राजीनामा, आणि वाचून कोणी दाखवत नाही. आईनं अशी सही केली होती का ते आधी विचारा, तारीख काढा. कारण संस्था पुढे म्हणणार की अकरा वर्षांची नोकरी तिथे संपली, नंतर ती एजन्सीची कामगार. याला उत्तर हे की काम कायम स्वरूपाचं आहे, देखरेख शाळेची आहे, रजा शाळा मंजूर करते, एजन्सी फक्त नावाला आहे, म्हणजे कंत्राट दिखाऊ आहे. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगाच्या सफाई कामगारांच्या केसमध्ये, जग्गो म्हणून ती ओळखली जाते, अर्धवेळ किंवा तात्पुरतं असं लेबल लावून वर्षानुवर्षं कायम काम करून घेण्यावर आणि आउटसोर्सिंगची ढाल करण्यावर कडक शब्दांत लिहिलंय. ती केस सरकारी आस्थापनेची होती, तुमच्याकडे जशीच्या तशी लागणार नाही, पण कोर्टापुढे ठेवण्यासारखी आहे.

आणि समजा कंत्राट खरं धरलं तरी शाळा सुटत नाही. ठेकेदारानं कमी दिलं तर उरलेलं मुख्य मालकानं द्यायचं हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, वेतन संहितेतही मालकानं नाही दिलं तर ज्याची आस्थापना त्याच्यावर जबाबदारी येते असं कलम ४३ मध्ये आहे. त्यामुळे अर्ज करताना एजन्सी आणि संस्था दोघांनाही सामनेवाले करायचं, एकट्या एजन्सीवर कधीही करू नका. ती उद्या नाव बदलून नाहीशी होते.

आता हिशोब. महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे मूळ वेतन अधिक विशेष भत्ता, आणि हा भत्ता महागाई निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. त्यामुळे नेटवर सापडलेला जुना तक्ता धरून भांडायला जाऊ नका, ज्या महिन्याचा दावा त्या महिन्याचा दर कामगार आयुक्तांच्या परिपत्रकातून घ्यायचा. नवीन दर येईपर्यंत जुन्या अधिसूचना चालू राहतात. मावशी, हाउसकीपिंग, शिपाई यांच्यासाठी आम्ही व्यवहारात दुकाने व वाणिज्यिक आस्थापनांचा दर धरून मागणी करतो. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन वर्ग आणि तीन परिमंडळं आहेत, ढोबळमानानं महानगरपालिका आणि कॅन्टोन्मेंट पहिलं, 'अ' आणि 'ब' वर्ग नगरपालिका दुसरं, बाकी सगळं तिसरं. पहिल्या परिमंडळात अकुशलचं नुसतं मूळ वेतनच दहा हजारांच्या आसपास आहे, भत्ता त्याच्या वर. तुमचं गाव खालच्या परिमंडळात असलं तरी सात हजार कुठेच बसत नाहीत.

शाळा दुसरं एक कारण देते, "ती अर्धा दिवसच असते." तुमच्या आईला हे लागूच नाही, साडेसहा ते चार म्हणजे जेवणाची सुट्टी वजा केली तरी पूर्ण दिवसाहून जास्त भरतं, उलट आठवड्याला ४८ तासांच्या वर जे जाईल त्याचे दुप्पट दरानं पैसे मागायचे. पण ज्या बाया खरंच चार तास येतात त्यांच्यासाठीही सांगते. राज्याच्या अधिसूचनांमध्ये अर्धवेळ कामाचं सूत्र असतं, महिन्याच्या दराला २६ नं भागायचं, मग आठ तासांनी, आणि जो तासाचा दर येईल त्यावर १५ टक्के वाढ. नुसता हिशोब कळावा म्हणून दर १३,००० धरा. दिवसाचे ५००, तासाचे ६२ रुपये ५० पैसे, वाढ धरून ७१ रुपये ८७ पैसे, रोज चार तास आणि २६ दिवस म्हणजे साधारण ७,४७५. म्हणजे अर्ध्या वेळेला निम्म्यापेक्षा जास्त. हे सूत्र माहीत असलेली मावशी मला आजपर्यंत क्वचितच भेटलीय आणि शाळांच्या अकाउंटंटनाही माहीत नसतं.

तुमच्या आईच्या मुलांना, म्हणजे तुम्हाला किंवा भावंडांना, फीत सवलत होती का? असेल तर संस्था ती पगारात धरायला बघेल. नव्या संहितेत वस्तुरूपानं दिलेला मोबदला पगाराचा भाग धरता येतो पण एकूण पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंतच, आणि तोही पगाराच्या बदल्यात दिला असेल तर. दहा वर्षांपूर्वी मेहरबानी म्हणून माफ केलेली फी आज किमान वेतनाच्या हिशोबात घुसवता येत नाही. युनिफॉर्मच्या साडीचे पैसे, फुटलेल्या ट्यूबलाइटचे पैसे, सुरुवातीला कापून ठेवलेलं 'डिपॉझिट', हेही सगळं लिहून काढा, दंड किंवा नुकसानभरपाई कापायची तर म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, हेडबाईंच्या मर्जीनं होत नाही.

वॉचमनबद्दल तुम्ही वेगळं काही विचारलं नाहीये पण तुमच्या शाळेत जोडपं राहतं असं लिहिलंत म्हणून थांबते. ही पद्धत खूप जुनी आहे आणि यात सगळ्यात जास्त अन्याय होतो असं माझं मत आहे. नवऱ्याला वॉचमन म्हणून ठेवायचं, शाळेच्या मागे पत्र्याची खोली द्यायची, आणि बायको "घरचीच आहे" म्हणून वर्ग झाडते, पाण्याच्या टाक्या बघते, शनिवारी-रविवारी क्लासेससाठी कुलपं उघडते, तिचं नाव कुठेही नाही. कायद्यात ती स्वतंत्र कर्मचारी आहे. तिचा पगार नवऱ्याच्या पगारात धरता येत नाही. आणि खोली दिली म्हणून तिची किंमत दोघांच्याही पगारात धरता येत नाही, राहायच्या जागेची किंमत मुळात वेतनाच्या व्याख्येत धरलेलीच नाही; भाडं कापायचं तर कर्मचाऱ्यानं खोली स्वीकारलेली असावी लागते, आणि कपात त्या जागेच्या किमतीपेक्षा जास्त करता येत नाही. नवऱ्याच्या चोवीस तासांच्या ड्युटीचा विषय वेगळाच. अशा बाईचा पुरावा मिळवणं अवघड असतं, तरी पालक, माजी विद्यार्थी, वर्गशिक्षिका साक्ष देऊ शकतात आणि देतातही. तिला निदान रोजचं काम एका वहीत लिहायला सांगा, तारीख घालून, लिहिता येत नसेल तर मुलाकडून.

मे महिन्याचं. मासिक पगारावरचा माणूस, नोकरी चालू, जूनला तीच हजर होते, आणि शाळेनं स्वतःच्या सोयीसाठी काम दिलं नाही, तर काम न मिळाल्याचा बोजा कामगारावर टाकायचा नाही हे तत्त्व जुन्या कायद्याच्या कलम १५ मध्ये होतं, नव्याच्या कलम १० मध्ये आहे. दिवसापुरतं आहे ते, पूर्ण महिन्यासाठी ओढायला युक्तिवाद करावा लागेल. पण बहुतेक शाळांत मावशी मे महिन्यातही बोलावल्या जातात, बाकं धुवायला, ॲडमिशनच्या वेळी, रंगकाम चालू असताना. आई गेली असेल तर ते दिवस काढा. आणि एमईपीएसखालची कर्मचारी ठरली तर सुट्टीच्या पगाराचा प्रश्नच येत नाही.

पुरावा कसा गोळा करायचा यावर जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच केस उभी राहते. सगळ्यात आधी बँकेचं पासबुक. काही शाळांमध्ये पूर्ण किमान वेतन खात्यात जमा होतं आणि दुसऱ्या दिवशी मावशीला एटीएममधून काढून तीन-चार हजार परत द्यायला लावतात. आईच्या बाबतीत असं असेल तर पासबुकात दर महिन्याला त्याच तारखेच्या आसपास तेवढीच रक्कम काढलेली दिसेल, आणि सगळ्या मावशींची पासबुकं शेजारी ठेवली तर ते लपत नाही. एटीएम कार्ड ऑफिसात जमा करून घेतलं असेल तर आजच्या आज बँकेत जाऊन ब्लॉक करा. पीएफ कापत असतील तर पीएफच्या पासबुकात किती पगार दाखवलाय तो मोबाइलवर दिसतो. हजेरीच्या मस्टरचा फोटो, ग्रुपवर "उद्या सर्व मावशींनी सहा वाजता यावे" असे मेसेज, स्नेहसंमेलनाच्या स्मरणिकेतला शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा ग्रुप फोटो, ओळखपत्र, कोविडच्या काळात दिलेला प्रवासाचा पास, हे सगळं चालतं.

मग बाहेरची कागदपत्रं. खासगी विनाअनुदानित शाळेला माहितीचा अधिकार थेट लावताना अडचण येते, पण शाळेनं शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि यू-डायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, जी माहिती भरलीय ती सरकारी कार्यालयाकडे आहे, ती मागता येते, त्यात शिक्षकेतर किती दाखवलेत ते बघा. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर दरवर्षीचे ऑडिट केलेले हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, त्याची नक्कल अर्ज करून मिळते. त्यात पगाराच्या खर्चाचा आकडा असतो. हातात सात हजार देणाऱ्या संस्थेनं कागदावर किती दाखवलंय हे तिथे कळतं. आणखी एक रस्ता पालकांचा आहे. २०११ च्या फी नियमन कायद्यात फी ठरवताना शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा पगार हा एक घटक धरलाय, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे शाळा तो खर्च मांडते. समितीत एखादा ओळखीचा पालक असेल तर त्याला एवढंच विचारायला सांगा की शिक्षकेतर पगाराच्या या रकमेत माणसं किती. पालक त्या पगाराचे पैसे फीमधून भरतायत, विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

जाणार कुठे? किमान वेतनाचा दावा कामगार खात्याकडे, जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसातून सुरुवात. आईला स्वतः अर्ज करता येतो, नोंदणीकृत युनियनला तिच्या वतीनं करता येतो. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत सहा महिने होती आणि त्यात कित्येक बायांचे पैसे बुडाले, नव्या संहितेत ती तीन वर्षं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या थकबाकीला ही तीन वर्षांची मुदत मिळते की नाही यावर समोरचा वकील वाद घालणार, म्हणून दिवस घालवू नका. फरकाच्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायचा अधिकार दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे, प्रत्यक्षात इतकी क्वचितच मिळते, पण ती मागायचीच. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी आता मालकावर आहे, हा नव्या कायद्यातला मला सगळ्यात उपयोगी वाटणारा बदल आहे, कारण मावशीकडे पावती कधीच नसते. कमी पगार दिल्याबद्दल ५० हजारांपर्यंत दंड, पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

एकटीनं जाऊ देऊ नका. चार मावशी, दोन ड्रायव्हर, एक माळी असे एकत्र अर्ज करा. एकटीला काढणं सोपं असतं, सात जणांना काढलं तर सोमवारी शाळा उघडणार कशी हे संस्थेलाही कळतं.

आता आत्याचं. तिला 'स्वयंपाकी तथा मदतनीस' म्हणतात, पूर्वीची शालेय पोषण आहार, आताची पीएम पोषण योजना. केंद्राच्या हिशोबात महिना १,००० रुपये आणि वर्षाचे दहाच महिने, तो आकडा २००९ पासून हललेला नाही. राज्यानं स्वतःची भर घालून तो २,५०० पर्यंत नेला. याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं, आणि हेच सगळ्या अडचणीचं मूळ आहे. शंभर पोरांची खिचडी, भांडी, धान्य निवडणं, सकाळचे चार-पाच तास जातात त्यात. अलाहाबाद हायकोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये बस्ती जिल्ह्यातल्या चंद्रावती देवी नावाच्या शाळेतल्या स्वयंपाकिणीच्या केसमध्ये सांगितलं की महिना हजार रुपयात हे काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी, आणि उत्तर प्रदेशातल्या सगळ्या स्वयंपाकिणींना किमान वेतन द्या. भारतीय श्रम परिषदेनंही २०१३ मध्येच योजना कर्मचाऱ्यांना किमान वेतन द्यावं अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नाही, पण आपल्या हायकोर्टापुढे ठेवता येतो. आत्यानं एकटीनं कामगार ऑफिसात जाऊन फार काही होणार नाही, तिच्यासाठी संघटनेतूनच जाणं शहाणपणाचं, आशा आणि अंगणवाडीच्या बायांनी जे मिळवलं ते तसंच मिळवलं.

अनुदानित शाळांमध्ये तरी बरं असेल असं तुम्ही लिहिलंत. आता तसं राहिलेलं नाही. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं खासगी अनुदानित शाळांमधली शिपाई, चौकीदार, सफाईगार अशी चतुर्थश्रेणीची पदं रिकामी होतील तशी संपवायची ठरलं आणि त्याऐवजी शाळेला ठोक 'शिपाई भत्ता' द्यायचा, मुंबई-पुण्यात महिना १०,०००, इतर महानगरपालिकांत ७,५००, ग्रामीण भागात ५,०००. वेतनश्रेणीवर रिटायर झालेल्या शिपायाच्या जागी पाच हजारात माणूस आणायचा, म्हणजे राज्यानं स्वतःच ठरवलेल्या किमान वेतनाच्या निम्म्यावर. शाळेनं वरचे पैसे स्वतः घालायचे, पण विद्यार्थ्यांकडून फी घेता येत नाही अशा गावच्या शाळेनं ते आणायचे कुठून, म्हणून मुख्याध्यापक स्वतः घंटा वाजवतात आणि मुलं वर्ग झाडतात. तिथे जो माणूस पाच हजारावर लागलाय त्यालाही किमान वेतनाचा हक्क आहेच, भत्ता किती मिळतो हा शाळा आणि सरकारमधला प्रश्न, माणसाच्या पगाराशी त्याचा संबंध नाही.

शेवटी आईच्या नोकरीचं. अर्ज केल्यावर काढतील का? काढू शकतात, मी खोटा धीर देणार नाही. बऱ्याचदा लेखी काही देत नाहीत, गेटवर वॉचमन सांगतो "उद्यापासून येऊ नका." त्या दिवशी हे करा. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी आईला गेटवर पाठवा, सोबत कुणीतरी असू द्या, आत घेतलं नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं संस्थेला आणि मुख्याध्यापकांना पत्र टाका की मी कामावर हजर झाले होते, मला आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे. शिक्षणाधिकाऱ्यांना एक प्रत. हे पत्र नसेल तर संस्था म्हणते ती स्वतःहून यायची बंद झाली, आणि ते खोडून काढायला फार जड जातं. मग एमईपीएसच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील, मुदत फक्त ३० दिवस, तोंडी काढलं असेल तरी. एजन्सीचा वाद तिथेही निघेल, तरी मुदतीत अपील टाकून ठेवायचं.

ग्रॅच्युइटीही विसरू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या शिक्षणसंस्थेला ती लागू आहे, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून. अकरा वर्षांची रक्कम होते, आणि ती शेवटच्या पगारावर मोजतात, म्हणून किमान वेतनाचा फरक आधी सुटणं महत्त्वाचं. "हिशोब पूर्ण झाला, काही येणं नाही" असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर आईनं सही करायची नाही, आणि कागद वाचायला घरी नेते एवढंच म्हणायचं. या आठवड्यात आईचं, बाकी मावशींचं पासबुक आणि एजन्सीच्या पाकिटांचे फोटो जमवा, शाळेचं मान्यतेचं बोर्ड आणि एजन्सीचं पूर्ण नाव-पत्ता लिहून घ्या, आणि ती राजीनाम्याची सही झाली होती की नाही ते मला कळवा, कारण अर्ज कुठल्या वाटेनं टाकायचा ते त्यावरच ठरेल.